राणी चित्रांगीची चिमूटभर विजया

एका राज्यात शूरकेतू नावाचा राजा होता आणि चित्रांगी नावाची राणी होती. राजा देखणा होता, तलवारबाज होता, मनाचा भला होता आणि थोडा हट्टी होता. राणी कशी होती म्हणाल, तर ताठ. चालणं ताठ, बोलणं ताठ, नजर तर त्याहून ताठ. अशी राणी त्या राज्याला मिळाली याचा आम्हाला अभिमान आहे, तो आम्ही लपवणार नाही. ज्याला तोंड वाकडं करायचं असेल त्याने खुशाल करावं.

राणीचं स्वयंवर झालं तेव्हा धूम्राक्ष नावाचा मांत्रिक मांडवात येऊन बसला होता. राणीने त्याच्याकडे पाहिलं, पुढे गेली आणि शूरकेतूच्या गळ्यात माळ घातली. मांत्रिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर मांडवात उठून तो म्हणाला, "घातलीस माळ, घाल. पण तुझं अंग याच्या अंगाला लागलं, की दोघांची अंगं गारगोटी होतील. तुमच्या शेजेवर सुख उतरणार नाही. होळी पेटेपर्यंत ते उतरलं नाही, तर मी येईन, आणि तू माझ्या दालनातली दगडी पुतळी होशील."

बोलला आणि धूर होऊन गेला. मांत्रिकांची रीतच असते ती, नीट दारातून जातील तर शपथ.

शाप खरा निघाला. राजाराणी एका ताटात जेवत, जोडीने घोड्यावर रपेट करत, एकमेकांवाचून त्यांना करमत नसे. पण राजाने राणीचा हात धरला, की दोघांचेही हात खांद्यापर्यंत गार आणि बधिर होत. धरलेला हात धरला आहे हेच कळत नसे. शेजेवर तर विचारूच नका. जीव तुटायचा दोघांचा, पण अंगाला पत्ता नसायचा.

कुणीतरी राजाला सुचवलं, महाराज, भांगेने अंगात ऊब येते, लाज सुटते, स्पर्श गोड होतो, नवरा-बायकोने घेऊन पाहावी. राजाने लगेच हुकूम सोडला. आता त्या राजघराण्याची एक रीत होती: राजाच्या हाताने तलवार धरावी, राजदंड धरावा, वाटण्याघोटण्याच्या वस्तूला हात लावू नये. म्हणून वाड्यावरच्या भांगघोट्याने भांग घोटली आणि लोटा भरून आणली. राजाने तो एकट्याने, एका दमात रिचवला. "वीराला एका लोट्याने काय होतं!" म्हणून दुसराही रिचवला.

मग स्वारी अंतःपुरात गेली. वाटेत आरसा दिसला. आरशातल्या राजाला शत्रू समजून महाराजांनी त्याच्याशी तह केला, अर्धं राज्य त्याला देऊन टाकलं, आणि राणीच्या मोजड्या उशाला घेऊन घोरू लागले. राणी काय करणार? बसून राहिली.

सकाळी ती म्हणाली, "महाराज, काल तुम्ही मोहिमेवर निघाल्यासारखे आलात. मी काय किल्ला आहे?"

राजाने उशाच्या मोजड्या उचलून मुकाट तिच्या पायाशी ठेवल्या.

तेवढ्यात खिडकीत एक भारद्वाज येऊन बसला. तांबूस पंख, लालबुंद डोळे. तो माणसासारखा बोलला. त्या राज्यात भारद्वाज बोलत असत, त्यात नवल काही नव्हतं.

"राणी," भारद्वाज म्हणाला, "औषध बरोबर होतं, घेण्याची रीत चुकली. सात टेकड्यांपलीकडे विजयावन आहे, विजया म्हणजे भांगच. तिथलं पान आण. ते शापाला पुरून उरेल. पण तीन कामं आहेत, आणि तिन्ही अवघड."

"मी फौज पाठवतो," राजा म्हणाला.

"फौज नको," राणी म्हणाली. "गरज माझी, पाय माझे."

"गरज माझीही आहे."

"मग तुमचीही पाळी येईल."

राणी निघाली. टेकड्या ओलांडल्या, काटे तुडवले, पण पालखी मागवली नाही. भारद्वाज पुढे पुढे उडत होता. शेवटी एक दगडी वेस लागली. वेशीला कडी नव्हती, कुलूप नव्हतं, तोंड होतं.

"कशाला आलीस?" वेस म्हणाली. "खरं सांगशील तर उघडेन. खोटं सांगशील तर पुन्हा कधीच उघडणार नाही."

वेशीबाहेर किती राजे, किती शेठ, किती पंडित ताटकळत बसले होते! एक म्हणे, मी पोटदुखीसाठी पान न्यायला आलो. दुसरा म्हणे, देवाच्या नैवेद्याला. तिसरा म्हणे, मी आपला शास्त्र अभ्यासायला आलोय. वेस त्यांतल्या एकालाही उघडली नव्हती. राणीला पाहून सगळे कान टवकारून बसले.

राणीच्या गालावर रंग चढला. चढणारच, माणूस होती ती. पण मान खाली गेली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मला माझा नवरा हवा आहे, आणि त्याला मी हवी आहे. आमची अंगं एकमेकांना कळावीत, शेजेवर सुख व्हावं, म्हणून पान हवं."

एक पंडित "शिव शिव!" म्हणून कानावर हात ठेवता झाला, पण बोटं जरा फाकवूनच. वेस उघडली. राणी आत गेली आणि पंडित बाहेरच राहिला.

आत विजयावन होतं. माणसाहून उंच झाडं, हिरवीगार कातरलेली पानं, आणि मधोमध एक झाड सगळंच्या सगळं सोन्याचं. त्याच्या बुंध्याशी यक्षीण बसली होती. केस जमिनीपर्यंत, डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर हसू.

"सोन्याच्या झाडाचं पान घे," यक्षीण म्हणाली. "तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढंच. हे दुसरं काम."

"एवढंसं? हे काम अवघड कसं?"

"इकडे तिकडे बघ."

राणीने पाहिलं. झाडाखाली मोठमोठे राजे लोळत होते. त्यांनी झोळ्या भरभरून पानं घेतली होती. एक स्वतःच्या अंगठ्याशी गप्पा मारत होता, दुसरा दिवसाढवळ्या चांदण्या वेचत होता, तिसऱ्याच्या दाढीत चिमण्यांनी घरटं केलं होतं आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. आपलं नाव, गाव, राणी, काही म्हणता काही त्यांना आठवत नव्हतं.

तरीही बघा हं, राणीच्या मनात आलं, माझा शाप मोठा, मला चिमटीने काय होणार? तिने मूठभर पान तोडलं. मूठ मिटली आणि तिला वाटलं, माझं नाव काय बरं? चि... चित्र... पुढचं आठवेना. तिने घाईने मूठ उघडली. पान खाली पडलं तसं नाव परत आलं. मग तिने निमूट तीन बोटं जोडली, चिमूटभर घेतलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

"शहाणी आहेस," यक्षीण म्हणाली. "झोळी भरून नेणाऱ्याला सुख मिळत नाही, झोप मिळते. आता तिसरं काम. ते तुझं नाही, घरी बसलाय त्याचं. हे पान तुम्ही दोघांनी मिळून वाटायचं, चार हातांनी. तिसऱ्या कुणाचा हात लागला तर पानाचं गवत होईल. दोघांनी सारखंच घ्यायचं, थोडंच घ्यायचं. घेतल्यावर घाई करायची नाही, ऊन अंगणातून ओसरीवर चढू द्यायचं. आणि जवळ जाण्याआधी एकमेकांना विचारायचं. 'हो' आलं तरच पुढे."

राणी परतली तो होळीचाच दिवस उजाडला होता. वाड्यापुढे लाकडं रचली जात होती. तिने राजाला सगळं सांगितलं. वाटायचं म्हणताच राजपुरोहित मध्ये पडला.

"अब्रह्मण्यम्! राजाने वरवंटा हाती धरायचा? मग राजदंड कोण धरणार? राजाच्या सात पिढ्यांत असं झालं नाही!"

"सात पिढ्यांत कुणाची राणी दगडाची व्हायची होती?" राणीने विचारलं.

राजा मात्र घुटमळला. काय करणार, रीत हाडात मुरलेली. म्हणाला, "चित्रांगी, तुझ्यासाठी मी प्राण देईन."

"प्राण नकोत मला. प्राण देऊन तुम्ही मोकळे व्हाल, मी काय करू? मी हात मागते आहे. तुमच्या पाया पडणार नाही, रडणार नाही. यायचं तर या."

एवढं बोलून राणीने अंगणात पाटा मांडला. पान धुतलं, बडीशेप, खसखस, मिरी, गुलाबाच्या पाकळ्या घेतल्या, आणि एकटीनेच वरवंटा ओढायला बसली. पान काही वाटलं जाईना. वरवंटा त्यावरून नुसता सरकत होता. ती थांबली नाही. पाठ ताठ, ओठ घट्ट, आणि हात चाललेले.

राजा ओसरीवरून पाहत होता. ही बाई टेकड्या तुडवून आली, परक्यांच्या देखत नवरा हवा म्हणून सांगून आली, आणि मी एका दगडाला हात लावायला लाजतो आहे! त्याला स्वतःचीच शरम वाटली. त्याने मुकुट काढून खुंटीला अडकवला आणि पाट्यासमोर मांडी घालून बसला.

राजपुरोहिताने डोळे मिटून घेतले.

राजाने वरवंट्यावर हात ठेवले. राणीचे हात त्याच्या हातांना लागले आणि दोघांचेही बधिर झाले. वरवंटा सुटला तो राजाच्या अंगठ्यावर. "आई गं!" महाराज ओरडले. राणी हसली. राजाला आधी राग आला, मग तोही हसला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. पुन्हा धरला. हळूहळू दोघांची लय जमली, तो ढकलतो आहे, ती ओढते आहे. पान वाटलं जाऊ लागलं. वाटता वाटता बोलणं निघालं. कुणाला काय आवडतं, कशाची भीती वाटते, शेजेवर पडून मनात काय काय येतं, लग्नापासून जे कधी बोलले नव्हते ते सगळं पाट्यावर निघालं. राजाच्या तळहातांना, बोटांना फोड आले, त्याचं त्याला भान नव्हतं.

गोळी झाली, दुधात कालवली, साखर घातली. दोन लहान वाट्या भरल्या.

"मला वाटी?" राजा म्हणाला. "मी राजा आहे, निदान पेला तरी..."

"आरशाला अर्धं राज्य दिलंत त्या दिवशी," राणी म्हणाली.

राजाने वाटी घेतली. दोघं एकदमच प्याले आणि ओसरीवर बसून राहिले. ऊन अंगणात होतं. राजा चुळबुळला. "चढलं का गं ऊन?" "नाही अजून." ऊन रेंगाळत रेंगाळत ओसरीवर आलं. तोवर राणीला गुलाबाचा वास आधी कधी आला नव्हता इतका येऊ लागला. खांद्यांवरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. भारद्वाजाचा साधा हुंकारही गोड लागला.

"चित्रांगी," राजाने विचारलं, "तुझ्या मनात आहे?"

"आहे. तुमच्या?"

"आहे."

राजाने एका बोटाने तिच्या मनगटाला स्पर्श केला. ते बोट राणीला कळलं! ऊन, खरखरीत, फोड आलेलं, तिच्या नवऱ्याचं बोट. राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "अजून."

मग भर दुपारी अंतःपुराचं दार लागलं. दासी एकमेकींकडे बघून गालात हसल्या आणि कामाला गेल्या. आत काय झालं ते आम्ही सांगणार नाही, पण थोडं सांगितल्याशिवाय राहवतही नाही. घाई नव्हती. बोटांना डोळे फुटले होते. मधूनच कांकणं वाजत होती, मधूनच दोघं खो खो हसत होती, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू येत नव्हतं. शेजेवर सुख उतरलं, ते आपल्या पायांनी, निवांत उतरलं.

तिन्हीसांजेला वाड्यापुढे होळी पेटली. धुरातून धूम्राक्ष उतरला आणि अंतःपुराच्या दारावर थापा मारू लागला.

"राणी, वेळ झाली! चल!"

दार अर्धं उघडलं. राणीचे केस मोकळे होते, डोळे किंचित लाल, अंगावर राजाचा शेला. मांत्रिकाला पाहून तिला हसू फुटलं ते आवरेना.

"धूम्राक्षा," ती म्हणाली, "जरा हळू बोल. माझा नवरा झोपलाय."

"तू दगड व्हायला हवी होतीस!"

"हात लावून बघ," म्हणत तिने आपला तळहात त्याच्या कपाळावर ठेवला. हात तव्यासारखा ऊन होता. शापाला राणीपाशी थारा मिळेना, म्हणून तो जिथून आला तिथे परत गेला. मांत्रिक पायांपासून शेंडीपर्यंत दगड झाला. राणीने दार लावून घेतलं, तिला अजून उठायचं नव्हतं.

तो दगड पुढे गावाच्या वेशीबाहेर नेऊन उभा केला. गुरं त्याला पाठ घासतात. विजयावनात लोळणाऱ्या राजांच्या झोळ्यांतली पानंही सुकून गळाली तशी त्यांना आपापली नावं आठवली, तेही दाढ्या झाडत आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. राजाने राजदंड उचलला तेव्हा राजपुरोहिताला त्याचे तळहात दिसले. "हरे राम! महाराजांच्या हाताला फोड! वैद्याला बोलवा, हात झाका, लोक पाहतील!"

राजा उठून उभा राहिला. दोन्ही हात त्याने साऱ्या दरबाराला दिसतील असे वर धरले.

"पाहू देत," तो म्हणाला. "तलवारीने पडलेल्या घट्ट्यांवर भाटांनी कवनं केली, मी ऐकली. हे फोड राणीच्या बरोबरीने पाट्यावर बसून आलेत. माझ्या हाताने आजवर याहून मोठं काम केलेलं नाही. भाटा, यांचं गा."

भाट चपापला, मग डफावर थाप मारून गाऊ लागला. राजपुरोहितसुद्धा हळूहळू मान डोलवू लागला. शेजारच्या आसनावर राणी चित्रांगी ताठ बसून ऐकत होती. तिने डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत.

कवन संपलं.

"पुन्हा म्हण," राणी म्हणाली.

भाटाने पुन्हा म्हटलं, मग गावाने म्हटलं, मग आम्ही शिकलो. ज्यांची शेज गार असेल त्यांची ऊन होवो, आणि ज्यांची ऊन असेल त्यांना कुणाची दृष्ट न लागो.