थिटे सरांना लागलेली भूक

त्या वर्षी चैत्रात चिंधूबुवा महाराजांचा मुक्काम तळेसांगवीस होता. गाव लहान, पण तिथे कॉलेज होते. लांबलांबच्या वस्त्यांवरची गरीब मुले-मुली खोल्या घेऊन शिकत. कॉलेजच्या कुंपणालगत महाराजांची भक्त गयाबाई चूल मांडी, गावातून पीठ मागून आणी आणि येईल त्याला भाकरी-पिठले वाढी. भोळी बाई! कुणाला नावही विचारत नसे.

प्राचार्य थिट्यांना हे खपेना. "बाई, कॉलेजची बदनामी चालवलीय तुम्ही. मी एकेकाला विचारलंय, जेवलास का? सगळे म्हणतात, झालं जेवण. मग उपाशी कोण? तुमचे महाराज?" शिपाई खो खो हसले, आणि सरांच्या हुकमाने त्यांनी चुलीत पाणी ओतले.

तिसऱ्या दिवशी गयाबाई रडतच महाराजांकडे आली. "बाबा, उद्या पोरांची परीक्षा हाय. ती मुक्ता दोन दिस नुसत्या पाण्यावर हाय. आता शिक्षण सोडून गावाला निघालीया!"

महाराज उठले. "चल, चूल पेटव."

भाकरीचा वास सुटला तशी मुले जमली, पण कुंपणाच्या आतच घुटमळली. थिटे सर नुकतेच पुरणपोळीवर ताव मारून, ढेकर देत आले. फाटकात मुक्ता ट्रंक घेऊन उभी होती. महाराजांनी एक हात तिच्या डोक्यावर आणि दुसरा सरांच्या खांद्यावर ठेवला. "सर, विचारा हिला."

"काय गं, जेवलीस?"

"हो सर, झालं जेवण," मुक्ता मान खाली घालून म्हणाली.

"ऐकलंत?" सर हसायला गेले आणि त्यांच्या पोटात दोन दिवसांच्या भुकेचा खड्डाच पडला! डोळ्यांपुढे अंधारी आली. इकडे मुक्ताच्या चेहऱ्यावर मात्र पोटभर जेवल्यासारखी तकतकी आली. काय ही माउलीची करणी!

"सर, जेवलात का?" महाराजांनी हळूच विचारले.

सरांनी शिपायांकडे पाहिले, मुलांकडे पाहिले. "हो... झालं जेवण," ते पुटपुटले आणि स्वतःच दचकले. एवढे मोठे प्राचार्य, पण भूक लागली म्हणायला जीभ रेटेना!

महाराज म्हणाले, "लाज वाटली ना? लेकरांनाही वाटते. म्हणून गया विचारत नाही, वाढते."

सर महाराजांच्या पायांवर कोसळले. "महाराज, चुकलो!"

महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्यापाशी कुठे भाकरी आहे? तिच्या पाया पडा."

प्राचार्य गयाबाईपुढे वाकले. ती बिचारी ओशाळून गेली. "अगं बया! सर, उठा की!" दुसरे काही सुचेना, म्हणून तिने त्यांच्यापुढे ताटली ठेवली.

सर मातीतच मांडी घालून बसले. पहिली भाकरी केव्हा संपली कळलेही नाही. मग सगळ्यांच्या देखत त्यांनी ताटली पुढे केली. "बाई, अजून एक वाढता? फार भूक लागलीय."

ते ऐकले मात्र, कुंपणापाशी घुटमळणारी मुले भराभर येऊन त्यांच्या पंगतीला बसली. गयाबाईचे हात भाकऱ्या थापताना थांबेनात. मुक्ताने डोळे पुसले, ट्रंक उचलली आणि ती अभ्यासाला खोलीवर परत गेली.