फाटकाबाहेरचे पाय

"पण फादर, मी तो प्रसाद घेतला असता तर पाप झालं असतं की नाही? एवढंच सांगा."

विचारणारा अंतोन पाटोळे. नगरकडच्या आमच्या गावचा, यंदाच शहरातल्या कॉलेजात गेलेला. लहानपणी चर्चमध्ये वेदीसेवक होता. म्हणजे घंटा वाजवायचा, आणि घंटा वाजली की आपल्याकडे कोण कोण बघतंय ते बघायचा.

ज्यांना विचारलं ते फादर बोनिफास. निवृत्त. चर्चच्या मागं राहतात, कोंबड्या पाळतात. कोंबड्यांना गावातल्या पुढाऱ्यांची नावं ठेवलीत. अंडं दिलं नाही की नाव घेऊन सगळ्यांदेखत झापतात. पुढारी रागावतात, पण करणार काय? कोंबडीवर खटला चालत नाही.

"हट, सरपंच! मघाशी खाल्लंस तू," फादर म्हणाले.

"फादर, मी काय विचारतोय…"

"ऐकतोय. मी फक्त पापनिवेदनाच्या वेळी बहिरा असतो. कॉलेज कसंय?"

झालं. अंतोनला हेच हवं होतं. तो सांगत सुटला. गणितात कच्च्या मुलांना तो शिकवतो. वसतिगृहात कुणी आजारी पडलं की गोळ्या हाच आणतो. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून परतताना वृद्धाश्रमात जातो, म्हाताऱ्यांची नखं कापतो.

"रेक्टर म्हणाले, असा सेवाभावी मुलगा बघितला नाही."

"वा!" फादरांनी मूठभर दाणे फेकले. "आणि तुझी नखं कोण कापतं?"

"म्हणजे?"

"तुझी सेवा कोण करतं?"

"मला गरज पडत नाही, फादर. देवाची कृपा."

"डेंग्यू झाला होता ना रे तुला? आई रडत आली होती माझ्याकडे."

अंतोन कोंबड्यांकडे बघू लागला…

"तेव्हा वैजनाथ होता," तो म्हणाला. "माझ्या खोलीतला. बीडकडचा. दवाखान्यात उशाशी बसायचा. मऊ भात करून आणायचा."

"आणि?"

"भांडं धरायचा."

"पाण्याचं?"

"…तेही."

फादरांनी आणखी दाणे फेकले.

"पण ताप उतरेना, तेव्हा तो नवस बोलला, फादर! त्याच्या गावच्या देवीला. माझ्यासाठी, आणि मला न विचारता! मी बरा झालो. मग तो गावी जाऊन नारळ फोडून आला आणि खोबऱ्याचा प्रसाद माझ्यापुढं धरला. मी म्हटलं, आमच्यात चालत नाही."

"कुठं म्हटलंस?"

"मेसमध्ये. सगळे होते."

"मग?"

"त्यानं मूठ मिटली आणि गेला. तेव्हापासून बोलत नाही. आता खोली बदलून मागितलीय. सोमवारी सामान हलवणार."

एवढ्या सेवा करणाऱ्या मुलाला जीव लावणारा मित्र एकच मिळाला होता, आणि तोही चालला होता.

"गावी आलास कसा मग? एसटीत उभा राहून?"

"नाही. डॉक्टर नको म्हणालेत. त्यानंच आणलं, गाडीवर बसवून."

"बोलत नाही, आणि आणलं?"

"वाटेत एक शब्द नाही, फादर. फक्त खड्डा आला की, 'धर.'"

फादरांचे दाणे संपले होते. तरी हात हवेत तसाच राहिला.

"कुठंय तो?"

"फाटकाबाहेर. आत येत नाही. पाय मळलेत ना, पायात काही नाही त्याच्या. दसऱ्यापर्यंत अनवाणी राहणार, तोही नवसच."

फादर उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा एका हातात परात, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या, खांद्यावर पंचा.

आता बघा, पवित्र गुरुवारी आमच्याकडं फादर बारा जणांचे पाय धुतात. प्रभूनं शिष्यांचे धुतले होते, त्याची आठवण. अंतोन त्या बारांत कायमचा. आणि हे बारा जण येताना पाय कसे आणतात? घरून दगडानं घासून, साबण लावून, वर पावडर मारून! धुवायला काही शिल्लकच नाही.

परात दिसल्याबरोबर अंतोन स्टुलावर बसला, बूट काढले, मोजे काढले आणि पाय पुढं केले. सवय.

फादरांनी पाय नीट न्याहाळले.

"छान आहेत. घाल बूट."

आणि परात त्याच्या हातात दिली.

अंतोनला कळायला जरा वेळ लागला.

"फादर… लोक बघतील. संध्याकाळच्या प्रार्थनेला बायका यायला लागल्यात."

"मेसमध्येही बघत होते."

फाटकाबाहेर वैजनाथ गाडीवर आडवा बसला होता. पाय काळेठिक्कर, टाचांना भेगा. गिअर टाकून टाकून डाव्या पायाचा अंगठा सोललेला.

"पाय दे," अंतोन म्हणाला.

वैजनाथनं पाय मागं ओढले.

"वैज्या, पाय दे."

"येडा झालास का? ताप चढला का परत?" वैजनाथनं आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

"दे ना रे."

"आमच्यात चालत नाही."

अंतोन परात धरून तसाच उभा राहिला… बायका थांबल्या. रोझाकाकूंनी तर जपमाळ अर्ध्यात सोडली. जपमाळ उद्याही आहे, असला तमाशा पुन्हा कुठं मिळायचा!

"आई रोज मेणबत्ती लावते," अंतोन खाली बघत म्हणाला. "तुझ्या नावानं. पवित्र मरियेपुढं."

"माझ्या नावानं?" वैजनाथचे डोळे मोठे झाले. "मला न विचारता?"

आणि त्याला हसू आलं. त्यानं एक पाय हळूच परातीत ठेवला.

"गुदगुल्या झाल्या तर लाथ बसेल. आधीच सांगतो."

अंतोन धुवत होता. अंगठ्यापाशी त्याचा हात थांबला.

"वैज्या, तू नसतास तर मी…"

"खाली बघ. पाणी सांडतंय."

पाणी सांडत नव्हतं.

दुसरा पायही झाला. पंच्यानं पुसून झाले. वैजनाथ त्या पंच्याकडं बघून म्हणाला, "आता हा कोण धुणार?" आणि फाटक ढकलून अनवाणीच आत आला. कोंबड्यांच्या मागं लागला.

अंतोन परात घेऊन फादरांकडं आला. पाणी चहासारखं झालं होतं.

"खोलीचं बघू म्हणाला, फादर."

"हं."

"देवाचे आभार मानायला हवेत."

"त्याचेही मान."

"मानले… म्हणजे, मानू दिले नाहीत त्यानं." अंतोन घुटमळला. "पण फादर, प्रसादाचं राहिलंच. घ्यायचा की नाही?"

फादरांनी परातीतलं पाणी डाळिंबाच्या बुंध्याशी ओतलं.

"आधी त्याला विचार, उरलाय का."