शिसवीच्या गाठीतला आवाज

एका राज्यात एक राजा होता, आणि त्या राजाला दुसऱ्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबता येत नसे. नाव धैर्यशील, धीर मात्र नावालाही नाही. प्रधान म्हणे, "महाराज, उत्तरेकडचा पूल—" की राजा म्हणे, "पाडा!" मग पूल बांधून झाला हे सांगायला आलेला प्रधान तो पाडायला माणसे पाठवी. अशा राजाची गोष्ट सांगायची म्हणजे सांगणाऱ्याचाही जीव मेटाकुटीला येतो. पण सांगतो. मध्ये बोलू नका.

राजाला नवा महाल हवा झाला. महालाला सरळसोट खांब हवेत, म्हणून नदीकाठची सगळी राई तोडली. उरली एकच म्हातारी शिसव. वाकडीतिकडी, खोडावर आवाळू आल्यागत हंड्याएवढी गाठ, गाठीला एक भोक आणि त्या भोकात राहणारा एक सुतार पक्षी. झाडाखाली एक वनजोगीण राहात असे. ती राजापुढे आली.

"राजा, हे झाड—"

"जाळा."

"राजा, या गाठीत—"

"जाळा म्हटले ना!"

जोगिणीचे डोळे लाल झाले. "तुला ऐकून घेता येत नाही. मग ज्या आवाजावर तुझा जीव आहे, तोच मी या गाठीत कोंडते. गाठ कातून तिचा करंडा कर, तर आवाज सुटेल. गाठ फुटली, की आवाज कायमचा गेला. आणि एक ध्यानात ठेव, त्या गाठीचे—"

"पुरे!" राजा ओरडला. जोगीण धूर होऊन गेली आणि शेवटचे वाक्य बरोबर घेऊन गेली. आता याला काय म्हणावे!

तिकडे राजवाड्यात राजकन्या सुकेशी झोपाळ्यावर गात होती. तिचे गाणे ओळीच्या मध्येच थांबले. राजाची ती एकुलती एक लेक. तिच्या गाण्यावाचून त्याला घास गोड लागत नसे. त्या दिवशी तो प्रथमच ताटावरून उठला.

राजाने सोयाजी कातारी बोलावला. लाकूड चरकावर चढवून, फिरवून, पटाशीने कातावे तर सोयाजीनेच, अशी त्याची ख्याती. त्याने गाठीवर बोटे फिरवली आणि कपाळाला हात लावला.

"महाराज, गाठीतले रेशे दहा दिशांना धावतात. घाईला ही दाद देत नाही."

वरून सुतार पक्षी बोलला. "राजा, कामे तीन. गाठ तूच कापायची, पण चिडायचे नाही. वर्षभर भुशात पुरायची, पण उकरायची नाही. चरकाची दोरी तूच ओढायची, पण हुकूम सोडायचा नाही. आणि ते जे माझे दार आहे, ते—"

"कळले!" राजा म्हणाला.

"डोंबल कळले," असे म्हणून पक्षी उडून गेला.

राजा कापायला बसला. तो चिडला की करवत आपोआप अडके. पहिल्या दिवशी ती एकवीस वेळा अडकली. पक्ष्याने सांगितलेले त्याला पाठ होते, पण पाठ असणे वेगळे. आठव्या दिवशी तो इतका दमला की चिडायलाही त्राण उरले नाही, तेव्हा गाठ सुटून हातात आली.

ती भुशात पुरली. तिसऱ्याच दिवशी राजाने भुसा उकरला. गाठीच्या कडेला केसाएवढी चीर उमटली आणि सुकेशीने गळा धरला. सोयाजी धावत आला, मेण चोळून त्याने चीर थांबवली आणि ढिगावर खाट टाकून तिथेच मुक्काम ठोकला. राजा दिवसातून दहादा येई.

"वाळली का?"

"नाही, महाराज."

असे वर्ष गेले.

मग गाठ चरकावर चढली. राजाने दोरी धरली. "जरा डावीकडून घे," तो म्हणाला, आणि पटाशी निसटली.

"महाराज, दोरी ओढा. हुकूम नको," सोयाजी म्हणाला.

राजाने ओठ आवळले. दोरी पुढे, दोरी मागे. चौथ्या दिवशी लाकडातून ढगांसारख्या रेघा उमटल्या. सरळ खांबांत असले काही कधी दिसले नव्हते. राजा गप्प राहून बघत राहिला.

आणि आता घोटाळा ऐका. कातारी लोकांची रीत अशी, की लाकडात भोक सापडले तर लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवायची, लाख वितळते आणि भोक बुजते. सोयाजीच्या सात पिढ्यांनी भोकाचे भांडे कुणाला दिले नव्हते. त्याने सुतार पक्ष्याचे ते भोकही बुजवले. सुकेशी पुढे झाली, तिथे बोट ठेवले. सोयाजीला वाटले, काम कच्चे राहिले म्हणते. त्याने आणखी लाख चढवली. तिने पुन्हा बोट ठेवले. त्याने पुन्हा चढवली. तिने चिठ्ठी लिहिली. सोयाजीला अक्षरओळख नाही. राजाने पहिला शब्द वाचून चिठ्ठी प्रधानाकडे दिली आणि प्रधानाने ती दप्तरात बांधली. पोरीने डोके धरले. मीही धरले.

करंडा झाला. आरशागत गुळगुळीत. झाकण उघडले, आवाज नाही. हलवला, आवाज नाही.

"माझी विद्या खोटी ठरली," सोयाजी मटकन बसला.

राजाने ओरडायला तोंड उघडले. पण पंधरा दिवस दोरी ओढून त्याची छाती भरून आली होती, शब्द फुटेना. त्या शांततेत त्याला लेकीचे बोट दिसले. ते कुठे टेकले आहे, हे त्याने जन्मात पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिले.

"सोयाजी, ती लाख काढ."

"महाराज, भोक दिसेल. सात पिढ्यांची लाज जाईल."

"दिसू दे. मी चुकलो आहे. तुझी लाज मी माझ्या अंगावर घेतो."

सोयाजीचा हात उचलेना. तेव्हा सुकेशीने केसांतला आकडा उपसला आणि स्वतःच लाख खरवडली. शेवटचा टवका उडाला. भोकातून आधी अर्धी राहिलेली ओळ बाहेर पडली, आणि मग सुकेशी बोलली.

"आबा, माझा आवाज गाठीत होता, म्हणून मला ठाऊक होते. गाठीचे तोंड उघडे ठेवा, एवढेच जोगीण सांगत होती! एवढेच! एका वाक्यासाठी अख्खे वर्ष!"

आणि ती वर्षभराचे साठलेले बोलली, दिवस कलेपर्यंत बोलली. राजाने तीनदा तोंड उघडले आणि तीनदा मिटले. डोळ्यांतून पाणी वाहात होते, तेही त्याने पुसले नाही, मध्ये व्यत्यय नको म्हणून.

शाप सुटला. महालाच्या खांबांना पालवी फुटली. ते मुळांवर चालत नदीकाठी जाऊन उभे राहिले. सुतार पक्षी करंड्यातल्या भोकात डोकावला, "दार बरे राखलेत," म्हणाला आणि शिसवीवर नवे कोरायला गेला. करंडा दरबारात ठेवला गेला. ज्याच्या हाती करंडा तो बोले, आणि तो खाली ठेवीपर्यंत राजा गप्प बसे. पूल पुन्हा बांधला गेला. सोयाजीचा हात भोक दिसले की अजून लाखेकडे जातो, पण प्रत्येक गाठीत एक तरी तो तसेच सोडतो.

झाली गोष्ट. तुम्ही मध्ये बोलला नाहीत, म्हणून एका बैठकीत झाली.