सगुणाच्या सल्ल्याची जकात

कोरवडीच्या नाक्यावर हैबतीला चक्क तराजूत बसवलं होतं! एका पारड्यात हैबती, दुसऱ्यात ज्वारीची पोती.

“गडी धामणखेडच्या राज्यातला आणि कामाला आमच्याकडे. म्हणजे बाहेरून आलेला माल!” जकातदार रंगोपंत म्हणाले. “आणि काय रे, परत जाताना सकाळपेक्षा जड भरतोस? आमच्या राज्यातलं काय नेतोयस?”

“दुपारी भाकरी खाल्ली जी.”

“तिची जकात वेगळी! ती भरेपर्यंत तू नाक्यावरच!”

हैबतीची मालकीण सगुणा कपाळाला हात लावून उभी होती. ती बैलांची पारखीण. तीन राज्यांच्या शिवेवरचे बाजार ती फिरायची आणि हा बैल घ्या, तो घेऊ नका, असा सल्ला देऊन पोट भरायची. गिऱ्हाईक वाढलं, एकटीला झेपेना, म्हणून तिनं हैबती ठेवला. नुसता खूर बघून बैलाची चाल सांगणारा गडी! पण तिचा धंदा म्हणजे तीन सासवांची एक सून. विकणारा एका राज्यातला, घेणारा दुसऱ्यातला, सल्ला देणारी तिसऱ्यातली, आणि कर मात्र तिघांनाही पुरता हवा!

ती तडक कोरवडीचे राजे सर्जेराव यांच्यापुढे गेली. राजे असे हट्टी, की सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणाले तर दरबारी घराची दारं फिरवून घेत.

“सरकार, माझा गडी सोडा.”

“सोडू की! पण तुझा सल्ला रोज आमच्या राज्याबाहेर जातो, त्याची जकात कुठंय? वाणी दहावं पोतं नाक्यावर टाकतो, कुंभार दहावं मडकं टाकतो. तूही तुझ्या मालाचा दहावा हिस्सा टाक. पैसे नकोत, मालच हवा! उद्या दुपारपर्यंत आला नाही, तर धंदा बंद आणि गडी कोठडीत.”

“सल्ला नाक्यावर टाकू कसा, सरकार?”

“ते तुझं तू बघ!”

दरबार खो खो हसला. सगुणा मात्र विचार करत घरी निघाली. धंद्याचं एक वेळ जाऊ दे, पण लेकराबाळांचा हैबती तिच्यापायी कोठडीत जाणार होता.

दुसऱ्या दिवशी राजे गंमत बघायला जातीनं नाक्यावर आले. सगुणा हात हलवत आली.

“माल कुठंय?”

“आणलाय की! नऊ सल्ले लोकांना दिले, दहावा सरकारचा. पण रंगोपंत, किडक्या धान्याची जकात घेता का वो?”

“छे! कचरा ठेवायचा कुठं?”

“आन् चांगला माल आला तर?”

“तो कोठारात जातो, सरकारच्या कामी येतो.”

“मग घ्या! परमुलखातल्या गड्यावर आन् सल्ल्यावर जकात घेऊ नका. न्हाईतर उद्या शेजारचे राजे तिकडं कामाला जाणाऱ्या आपल्या गवंड्यांना तराजूत बसवतील. हा माझा दहावा सल्ला.”

राजे लालबुंद झाले. “हा कसला सल्ला? अगदी फालतू!”

“फालतू? म्हंजे माल किडका! किडक्याची जकात न्हाई. चल रे हैबती, घरी!”

“सरकार, चांगला म्हणा, चांगला म्हणा!” रंगोपंत कळवळले. “जकात हातची जातेय!”

“थांब! सल्ला उत्तम आहे!” राजे ओरडले. “जमा करा!”

“झाला जमा. आता कामी आणा, सरकार. सल्ला कामी आणायचा म्हंजे तसं वागायचं. उठवा जकात!”

राजे पुरते अडकले. इकडे आड, तिकडे विहीर! मग त्यांना असं हसू फुटलं, की पगडी घसरून रंगोपंतांच्या मांडीवर पडली.

“उठली जकात! हैबतीला सोडा! आणि बाईला आमच्या गोठ्यातली खिलारी जोडी बक्षीस द्या!”

जोडी आली. सगुणानं आधी दोन्ही बैलांचे दात पाहिले, मग हात जोडले.

“सरकार, उजवा नामी हाय. डावा म्हातारा हाय, तेवढा बदलून द्या.”

“काय?” राजे डोळे पुसत म्हणाले. “हा सल्ला आणि कुठल्या हिशेबातला?”

“हा फुकट, सरकार! बाजारात तुम्हाला कुणीतरी फशिवलंय!”