झऱ्याचा हक्क

मुलांनो, एका उघड्याबोडक्या डोंगराच्या पोटाशी, करवंदीच्या जाळीखाली बीळ करून साळिंदराचे एक जोडपे राहत असे. त्यांना एक लहान लेक होती. साळिंदर मोठा कष्टाळू. पावसाळा सरला की तो रानभर हिंडून कंद उकरी आणि बिळाच्या आतल्या कोपऱ्यात रचून ठेवी. त्यावर तिघांचा उन्हाळा निघे. त्या डोंगरावरचा उन्हाळा मात्र फार वाईट. ओढे आटत, कातळ तापत, बिळाच्या आतसुद्धा धग येई. मागच्या उन्हाळ्यात साळिंदरीण आजारी पडली होती. ती वाचली, पण तेव्हापासून थोडे चालले तरी तिला धाप लागे. ती कधी तक्रार करीत नसे. तरी तिची धाप ऐकली की साळिंदराला अपराध्यासारखे वाटे. पुढच्या उन्हाळ्यात हिला कुठेतरी गारव्याला न्यायचेच, असे त्याने मनाशी ठरवले होते.

शेजारी एक ससा राहत असे. एकदा तो येऊन म्हणाला, की कोल्ह्याने वडाखाली जेवण ठेवले आहे. जोडीने यायचे, पोटभर खायचे आणि कोल्हा काय सांगतो ते घटकाभर ऐकायचे. काही घेतलेच पाहिजे असे नाही. कोल्हा कारणाशिवाय कुणाला जेवू घालील का, असे साळिंदरिणीने विचारले. पण ससा रोजच्या ओळखीचा, त्याला नाही कसे म्हणायचे? दोघे गेली.

कोल्ह्याने पिकलेली उंबरे आणि आवळे आपल्या हाताने वाढले. जेवणे झाल्यावर तो पलीकडच्या खोऱ्यातल्या झऱ्याविषयी सांगू लागला. झरा बारमाही होता. काठाला जांभळीची दाट सावली होती, आणि ऐन वैशाखातही तिथली माती ओली असे. त्या झऱ्याभोवती कोल्ह्याने काटेरी कुंपण घातले होते आणि आत राहण्याचा हक्क तो गुंजांवर देत असे. दर वर्षी पावसाळा सरला की आपल्या साठ्यातले निम्मे कंद कोल्ह्याला द्यायचे. त्याबदल्यात तो ओंजळभर लाल गुंजा देणार. त्या गुंजा कुंपणापाशी दाखवल्या की झऱ्याकाठी राहायला मिळणार. आपण तिथे कितीदा राहून आलो, असे ससाही म्हणाला.

"वाटेल तेव्हा या, वाटेल तितकं राहा," कोल्हा म्हणाला. "आणि हे तुमच्यापुरतंच नाही. तुमच्यामागे तुमच्या लेकीलाही हा हक्क चालेल."

साळिंदरीण नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाली, "अहो, घरी जाऊन विचार करू. उद्या सांगू."

कोल्ह्याने ते ऐकले. तो रागावला नाही. विचार जरूर करा, असेच तो म्हणाला. फक्त आज वडाखाली बसलेल्यांनाच दुप्पट गुंजा मिळणार होत्या, उद्या आलेल्यांना नाही. मग तो साळिंदराजवळ सरकला आणि हलक्या आवाजात बोलला, "वहिनींची धाप मी मघाशीच ऐकली, साळिंदरराव. पुढचा उन्हाळाही त्यांना इथेच काढायला लावणार का?"

साळिंदराने आजूबाजूला पाहिले. जमलेली सगळी जोडपी आपल्याकडेच पाहत आहेत असे त्याला वाटले. बायकोसाठी एवढेही न करणारा नवरा, असे कुणी म्हणू नये म्हणून त्याने पुढे होऊन कोल्ह्याने थापलेल्या ओल्या मातीवर आपला पंजा उमटवला.

पावसाळा सरला. साळिंदराने निम्मे कंद कोल्ह्याकडे पोहोचवले. उन्हाळा लागताच तो बायकोला आणि लेकीला घेऊन, गुंजा सांभाळत झऱ्याच्या वाटेला लागला. कुंपणाच्या दाराशी एक तरस बसलेला होता. त्याने गुंजा मोजल्या आणि परत दिल्या. एवढ्या गुंजांवर पावसाळ्यात राहता येते, उन्हाळ्याला याहून पुष्कळ जास्त लागतात, असे त्याने सांगितले.

"पावसाळ्यात आमच्या दारातही पाणी वाहतं," साळिंदर म्हणाला.

"मग तेव्हा यायची गरजच नाही तुम्हाला," तरस म्हणाला आणि त्याने तोंड फिरवले.

तो उन्हाळा त्यांनी कसाबसा बिळात काढला. कोल्ह्याला भेटून साळिंदराने गाऱ्हाणे घातले, तेव्हा कोल्हा फार हळहळला. एकच उपाय होता, तो म्हणाला; कंद वाढवायचे म्हणजे गुंजा वाढतील. हे सोडून देऊ या, असे साळिंदरिणीने त्या रात्री नवऱ्याला सांगून पाहिले. पण इतके देऊन बसल्यावर आता सोडले तर दिलेले सगळे पाण्यात जाईल, असे साळिंदराला वाटले. त्या वर्षी त्याने साठ्यातला थोडाच भाग घरी ठेवला आणि बाकीचा कोल्ह्याच्या दारात नेऊन ओतला. हिवाळाभर घरात खायला कमी पडू लागले. साळिंदरीण आपल्या वाटचे लेकीपुढे सरकवी आणि मला भूक नाही म्हणून सांगे. लेकीला ते खरे वाटे. साळिंदराला खरे वाटत नसे, पण तोही काही बोलत नसे. उन्हाळा येईल, आपण झऱ्यावर जाऊ आणि हिची तब्येत सुधारेल, एवढ्या एका आशेवर तो दिवस काढत होता.

उन्हाळा आला तो आगीसारखा. या वेळी गुंजा भरपूर होत्या. तिघे निघाली. खिंड चढताना साळिंदरीण पुन्हापुन्हा खाली बसे. साळिंदर तिच्यावर आपली सावली धरून उभा राही आणि तिचा दम खाऊन झाला की तिघे पुन्हा चालू लागत. कुंपणापाशी पोहोचली तेव्हा आतून झऱ्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. तरसाने गुंजा मोजल्या आणि बरोबर आहेत म्हणाला. मात्र आत जागा नव्हती. उन्हाळ्याची जागा हिवाळ्यातच येऊन राखून ठेवायची असते, ती यांनी ठेवली नव्हती.

"हे आम्हाला कुणी सांगितलं नाही," साळिंदर म्हणाला.

"तुम्ही विचारलं नाही," तरस म्हणाला.

साळिंदराने निदान पानभर पाणी मागितले. पाणी कुंपणाच्या आत आहे आणि आत यायला जागा लागते, असे उत्तर मिळाले. तेवढ्यात कुंपणाच्या कडेला, एका वाळक्या झुडपाखाली त्याला शेजारचा ससा दिसला. तोही बाहेरच पडून होता. साळिंदराने त्याला विचारले, तू तर इथे कितीदा राहून आलास म्हणत होतास ना? सशाने मान खाली घातली. तो एकदाही आत गेला नव्हता. एक जोडपे वडाखाली आणले की त्याला काही गुंजा जास्त मिळत, आणि तेवढ्या जमल्या तर आपल्यालाही आत जाता येईल असे त्याला वाटत होते.

"मी फसलो हे तुम्हाला सांगायची लाज वाटली," ससा म्हणाला.

साळिंदराने त्याच्याकडे पाठ फिरवली. तो कुंपणात घुसू पाहत होता, पण काट्यांची वीण दाट होती. लेक आईजवळ बसून ओल्या मातीचा वास हुंगत होती. दुपार कलता कलता साळिंदरिणीने नवऱ्याला जवळ बोलावले. तिचा आवाज इतका खोल गेला होता, की त्याला तोंडाशी कान न्यावा लागला.

"हिच्या वाटचे कंद आता कुणाला देऊ नका," ती म्हणाली. त्यानंतर तिची धाप थांबली. कुंपणापलीकडे झरा वाहतच होता.

पुढचा पावसाळा सरला आणि कोल्हा तरसाला घेऊन बिळाशी आला. आधी त्याने साळिंदरिणीसाठी दुःख केले. मग त्या वर्षीचे कंद मागितले. साळिंदर म्हणाला, आता झरा नको, गुंजा परत घ्या, हक्कही परत घ्या. कोल्ह्याने सांगितले, की गुंजा परत घेण्याची रीत नाही आणि हक्क सोडण्याचीही नाही. साळिंदर थकला असेल तर लेकीचा पंजा ओल्या मातीवर उमटवावा लागेल, म्हणजे पुढचे कंद ती देईल. हे वडाखालीच बोलून झाले होते.

"तेव्हा मी हक्क म्हणून ऐकलं होतं," साळिंदर म्हणाला.

तो लेकीला बिळात मागे सारून दारात पाठमोरा उभा राहिला आणि त्याने अंगावरचे सगळे काटे ताठ केले. दिलेला शब्द मोडणाऱ्याला रानात किंमत राहत नाही, असे कोल्ह्याने बजावले. साळिंदर हलला नाही. कोल्ह्याने खूण करताच तरस पुढे झाला आणि साळिंदराने मागच्या मागे धडक दिली. तरसाच्या नाकात, ओठांत, डोळ्यांखाली काटे रुतले. तो विव्हळत, माती उकरत माघारी पळाला. कोल्हा वडाच्या दिशेने निघून गेला. पुन्हा तो त्या वाटेला आला नाही.

बाहेर सगळे शांत झाल्यावर लेक हळूच दारात आली. रक्ताने माखलेले काटे मातीत पडले होते, त्यांच्याकडे तिने बराच वेळ पाहिले.

"बाबा, नाही म्हटल्यावर ते गेले," ती म्हणाली. "हे आई होती तेव्हा म्हणता आलं नसतं का?"

"आलं असतं," साळिंदर म्हणाला. "तुझी आई म्हणाली होती, उद्या सांगू. तेव्हाच उठून घरी आलो असतो तरी पुरलं असतं."

दोघे आत गेली.

तात्पर्य : आपण विचार करायला वेळ मागितला की ज्याला तो परवडत नाही, त्याच्याकडून सुखसुद्धा घेऊ नये; आणि चुकून घेतलेच, तर आजवर काय दिले ते न पाहता, अजून काय द्यावे लागेल ते पाहून वेळीच नाही म्हणावे.