चाखून आणलेलं उंबर

फार पूर्वी, उंबरं आतून स्वच्छ निघायची त्या काळात, धनेश पक्ष्याची बायको अंडी घालायला ढोलीत शिरली. रिवाजाप्रमाणे तिने आतून दार चिखलाने लिंपलं आणि चोचीपुरती फट ठेवली. नवरा फटीतून उंबर भरवायचा. "चाखून आणलंय हो," म्हणायचा. हळूहळू उंबरं कमी झाली आणि फटीतून आभाळाऐवजी नुसतं त्याचं पोट दिसू लागलं.

दार फोडून पिल्लं उडाल्यावर ती वाळकी होऊन बाहेर आली. "अहो, दमलात. आता तुम्ही आत बसा, मी आयतं आणून देते."

तो खुशीत शेपटीकडून आत शिरला आणि पोटाशी घट्ट अडकला. तिने पिकलं उंबर त्याच्या चोचीसमोर धरलं, सावकाश चाखलं, गिळलं.

"गोड आहे हो. उद्याही चाखून आणते."