आखूड नळीचे अंतर

रविवार, सकाळी साडेदहाची वेळ. एका जुन्या संस्थानी गावात, इंगवले यांच्या घराचा तळमजला. समई नुकतीच लागली होती, खोली पाहुण्यांनी भरली होती. घराचे मालक दौलतराव आपल्या वृद्ध गुरुजींच्या पाया पडण्यासाठी वाकले आणि त्याच क्षणी त्यांच्या मानेवर थंड लोखंड टेकले.

दौलतरावांना आधी वाटले, गुरुजींचा हात असेल. म्हातारपणी हात गार पडतात. मग त्या गारव्याला गोल कडा आहे हे त्यांच्या कातडीला कळले. ती कडा कशाची, हे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. तिला तेलाचा बोळा ते स्वतःच्या हाताने लावत आले होते.

"हलू नकोस," गुरुजी म्हणाले. इतिहासाच्या तासाला फळ्यावर सनावळी लिहिताना असायचा तसाच त्यांचा आवाज होता.

बायकांच्या बाजूने कुणीतरी किंचाळले. पेढ्यांचे ताट खाली पडले. वखारवाले गुंडाप्पा शेट, दौलतरावांचे लहानपणापासूनचे मित्र, दोन पावले पुढे झाले आणि तिथेच थबकले. "अहो गुरुजी! अहो, काय हे! ठेवा खाली आधी!"

गुरुजींनी हात काढला. शालीखालून बाहेर आलेले ते आखूड रिव्हॉल्व्हर त्यांनी टेबलावर ठेवले आणि दौलतरावांना दंड धरून उठवले. "ऊठ. आणि आता सांग, तुला घाम का फुटला? चाप निकामी आहे, नळीत पोलादी बूच आहे, सरकारी दाखला भिंतीवर टांगलाय. हे या खोलीत सगळ्यांत जास्त कुणाला माहीत होतं?"

दौलतरावांनी मानेवरचा घाम पुसला. तो संतापाचा की लाजेचा, हे त्यांनाही सांगता आले नसते. ज्या दिवसासाठी त्यांनी दहा वर्षे जिवाचे रान केले, त्याच दिवशी, भरल्या घरात, ज्यांच्या हातून फीत कापायची त्यांनीच हे करावे!

दौलतराव मोटारींच्या सुट्या भागांचे व्यापारी. छंद मात्र एकच: जुनी लष्करी रिव्हॉल्व्हरे, आणि तीही नळी छाटलेली. इतर संग्राहक अशा वस्तूला हात लावत नाहीत. त्यांना वस्तू कारखान्यातून निघाली तशी हवी असते. कापलेली म्हणजे बिघडवलेली. दौलतराव नेमकी तीच शोधत. कुठे हैदराबादेत कुणा निजामी अधिकाऱ्याच्या नातवाकडे, कुठे महूच्या लष्करी भंगारात. "अखंड नळीची कुणाहीकडे सापडतील," ते ऐटीत सांगत. "छाटलेलं प्रत्येक एकटंच असतं. दुसरं त्याच्यासारखं नसतं."

या छंदाचे मूळ घरातच होते. आजोबा, सुभेदार रावजी इंगवले, दुसऱ्या महायुद्धातून परतले ते कमरेचे रिव्हॉल्व्हर घेऊन. नातवाने ते काचेच्या मधल्या कपाटात ठेवले होते. शेजारी आजोबांच्या कमरपट्ट्याचे चामडी होल्स्टर, खाली पितळी पाटी: 'रणांगणावरील सोबती'. दारावर मोठ्या अक्षरांत 'सुभेदार रावजी इंगवले शौर्यदालन'. सोमवारपासून गावातल्या शाळांची मुले रांगेने येणार होती. आजोबांचे नाव मुलांच्या तोंडी बसावे, याहून दौलतरावांना दुसरे काही नको होते.

समई लावण्याच्या गडबडीत गुरुजींनी फक्त एवढे म्हटले होते, "ते मधलं जरा हातात देशील?" दौलतरावांनी मोठ्या कौतुकाने कपाट उघडून दिले होते. मग फोटो, नारळ, हार, पुन्हा फोटो. गुरुजींनी ते परत ठेवले की नाही, हे एकानेही पाहिले नाही.

"गुरुजी," दौलतराव म्हणाले, "माझ्याच घरात, माझ्याच मानेला? मी तुमच्या पायाशी वाकलो होतो!"

"म्हणून तर जमलं," गुरुजी म्हणाले. "तू वाकला नसतास तर मला एवढ्या जवळ कोण येऊ देतं?"

"शाब्बास!" गुंडाप्पा शेट अजून धापा टाकत होते. "म्हातारपणी गुरुजी दरोडेखोरीला लागले! अहो, माझं काळीज पेढ्यांबरोबर खाली पडलं की!"

काही जण हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी कपाटातून होल्स्टर काढले, ते आखूड रिव्हॉल्व्हर त्यात सोडले. ते मुठीसकट आत बुडाले. वरून फक्त मुठीच्या टोकाची कडी दिसत राहिली.

"दौलत, हे होल्स्टर कुणाचं?"

"आजोबांचं."

"आणि हे त्याच्यात बसतं का?"

दौलतरावांनी ते कपाट स्वतः मांडले होते. होल्स्टर आणि रिव्हॉल्व्हर शेजारी-शेजारी, वीतभराच्या अंतराने. एकात दुसरे घालून पाहावे, असे त्यांच्या मनात एकदाही आले नव्हते.

गुरुजींनी रिव्हॉल्व्हर पुन्हा बाहेर काढले आणि नळीच्या टोकावरून बोट फिरवले. "सैनिकाचं हत्यार लांब असतं, उघड्यावर कमरेला असतं. समोरच्याला ते दिसतं. त्याला पळायचं असेल तर पळता येतं, लढायचं असेल तर लढता येतं. नळीच्या टोकाला नेम धरायची माशी असते, कारण शत्रू लांब असतो. इथे माशी कुठाय? नळीबरोबर कापली गेली. ज्यानं कापली त्यानं ती पुन्हा बसवून घेतली नाही. म्हणजे नेम धरायची त्याला गरज नव्हती. त्याचा माणूस हाताच्या अंतरावर असणार होता. आणि हाताच्या अंतरावर शत्रूला कुणी येऊ देत नाही, बाळ. तिथं येतो तो आपला माणूस. मघाशी मी तुझ्या मानेला टेकवलं ते लोखंड नव्हतं, ते अंतर होतं. या कपाटांतली ही सगळी त्या अंतरासाठी कापलेली आहेत, आणि दारावर तू लिहिलंस शौर्य."



"सगळ्यांवर असा आरोप कसा करता?" दौलतराव उसळले. "साहेब लोक प्रवासात सोय म्हणून कापून घेत. कोटाच्या खिशात राहावं म्हणून. पुस्तकांत आहे!"

"असेल. काहींनी घेतलीही असतील. मी आरोप करत नाही, मी विचारतोय. तू प्रत्येकाचा कारखाना विचारलास, साल विचारलंस, कुठल्या पलटणीत होतं ते विचारलंस. नळी कुणी कापली आणि कुणासाठी, हे एकदा तरी विचारलंस? मुलं उद्या काचेला नाक लावून हेच विचारतील. त्यांना काय सांगशील, खिशात राहावं म्हणून?"

"माझ्या आजोबांचं तसं नाही," दौलतरावांचा आवाज चढला. "ते युद्धात वापरलेलं आहे. तिथंच असं मिळालं त्यांना. असंच, आखूड."

"लांब होतं."

हे गुरुजी बोलले नव्हते. कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसलेली हौसाआत्या बोलली होती. सुभेदारांची ती थोरली लेक, वय पंच्याऐंशीच्या पुढे. तिला ऐकू कमी येते म्हणून सकाळपासून तिच्याशी कुणी बोलले नव्हते.

"काय म्हणालीस आत्या?"

"लांब होतं म्हटलं. आबा लढाईवरनं आले तेव्हा मी एवढीशी होते. माझ्या हातावर ठेवायचे. मूठ माझ्या तळव्यावर आणि टोक पार कोपराच्या पुढं. जड लागायचं, मी रडायची, आबा हसायचे." तिने सुरकुतलेला हात पुढे करून कोपर दाखवले. "मग कपाटात गेलं. पुन्हा पाहिलं ते माझ्या लग्नाच्या वेळी, दागिन्यांचा डबा काढताना. तेव्हा असं बोडकं झालेलं."

"आणि तू विचारलं नाहीस?"

"कुणाला? आबांना?" म्हातारीने दौलतरावांकडे असे पाहिले, जणू कुणी खुळ्यासारखे बोलले आहे. "आबांना विचारणारं कोण होतं रे या घरात?"

दौलतराव खुर्चीच्या पाठीचा दांडा धरून उभे राहिले. म्हणजे नळी रणांगणावर कापली गेली नव्हती. इथे, या गावात, युद्ध संपून वर्षे लोटल्यावर कापली गेली होती. इथे कोण शत्रू होता? त्यांनी गुरुजींकडे पाहिले, त्यांनी काहीतरी बोलावे म्हणून. पण गुरुजींचा चेहरा पांढरा पडला होता. प्रश्न विचारायला त्यांनी पिढ्या शिकवल्या होत्या. या प्रश्नाला याच खोलीतून, इतक्या लगेच कुणीतरी ओ देईल, याची तयारी त्यांचीही नव्हती.

"आत्या," गुंडाप्पा शेट म्हणाले. त्यांच्या आवाजातली चेष्टा गेली होती. "तुमचं लग्न कधीचं?"

"तुझा काका गेला ना, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातलं. तुमच्याकडं दुखवटा म्हणून तुझी आजी लग्नाला आली नव्हती. मला अजून आठवतंय."

गुंडाप्पा शेट खाली बसले. खुर्ची नव्हती तिथेच, जमिनीवर, सांडलेल्या पेढ्यांच्या शेजारी बसले. गावातल्या जुन्या माणसांनी माना खाली घातल्या. तरुणांना काही कळेना, म्हणून ते एकमेकांकडे पाहू लागले.

"माझा काका आपल्याच ओसरीवर मेला," गुंडाप्पा शेट जमिनीकडे पाहत म्हणाले. "मी जन्मायच्या आधी. मला नाव त्याचंच ठेवलं. छातीत एकच गोळी. आई सांगायची, सदऱ्याला भोक होतं आणि भोकाभोवती कापड जळालेलं होतं. इतक्या जवळून. झटापट नाही, ओरडणं नाही, दार उघडं. पोलिसांनी लिहिलं, अज्ञात इसम. झालं. फाईल बंद."

"गुंडू, आपल्याला काहीच माहीत नाही," दौलतराव कसेबसे म्हणाले. "तुझे काका आणि माझे आजोबा मित्र होते. रोज सकाळी एकत्र बसायचे. सगळं गाव सांगतं."

"होय," गुंडाप्पा शेट म्हणाले. "रोज बसायचे."

कुणी विषय बदलायचा प्रयत्न केला, जेवणाची पाने मांडायची का असे विचारले. त्याच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. पाहुणे एकेक करून चपला शोधू लागले. शिक्षण संस्थेचे अध्यक्ष जाता जाता दौलतरावांच्या कानाशी लागले, "जुनी गोष्ट आहे. पुरावा नाही. तुम्ही आपलं दालन उघडा. मुलांना शौर्य दाखवा. या वयात म्हातारीच्या स्मृतीचं काय घेऊन बसता?"

दौलतरावांनी अध्यक्षांकडे पाहिले. तासाभरापूर्वी याच माणसाने हे बोल बोलावेत म्हणून त्यांनी त्याला हार घातला होता. आता ते बोल ऐकताना मानेवर पुन्हा ती गोल कडा टेकल्यासारखी वाटली. हाही जवळ आला होता. हाही शालीखाली काहीतरी धरून बोलत होता.

"अध्यक्षसाहेब, मुलं येतील," ते म्हणाले. "पण शौर्य बघायला नाही."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागवला आणि मधल्या कपाटावरची पितळी पाटी स्वतः उतरवली. मग दारावरची. कागद घेतला आणि कपाटात ठेवण्यासाठी एकच ओळ लिहिली: 'ही नळी या गावात कापली गेली. कुणी कापली आणि कुणासाठी, हे ठाऊक नाही.' तो कागद त्यांनी गुरुजींच्या हाती दिला.

गुरुजींनी वाचला, मान हलवली आणि जमिनीवर बसलेल्या गुंडाप्पा शेटांपुढे धरला.

"आणखी एक ओळ लिही," गुंडाप्पा शेट म्हणाले. "माझं नाव लिही."

"तुझं?"

"काकाचं. एकच आहे ना. लिही की गुंडाप्पा वखारवाले त्याच सुमारास हाताच्या अंतरावरून मारले गेले. आणखी काही लिहू नकोस. तुझ्या आजोबांनी मारलं असं मी म्हणत नाही. नाही मारलं, असंही आता मला म्हणता येत नाही."

दौलतराव त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. लिहिताना दोघांचे खांदे एकमेकांना लागत होते आणि कुणीही बाजूला सरकले नाही. सांगणाऱ्याने इथे तात्पर्य सांगायचे असते, ते एवढेच: जुनी हत्यारे जपणाऱ्याने ती कुणाकडे वळली होती, याचीही चौकशी जपली पाहिजे.

ती ओळ लिहून झाल्यावर गुरुजींनी विचारले, "आणखी काही माहीत आहे का, गुंडाप्पा? आईनं सांगितलेलं?"

आई एक गोष्ट नेहमी सांगायची, गुंडाप्पा शेट म्हणाले. काकाच्या प्रेताशेजारी ओसरीवर चहाच्या दोन कपबशा होत्या. काकाच्या कपातल्या चहावर साय धरली होती, त्याने तो तोंडालाही लावला नव्हता. दुसरा कप मात्र रिकामा होता, बशीत उलटा घालून ठेवलेला, आपल्याकडे पाहुणचार घेतल्यावर माणसे 'पुरे' म्हणून ठेवतात तसा.

तो चहा कुणी प्यायला, हे गावात आजवर कुणी सांगितलेले नाही.